वावटळ मोठी झाली की चक्रीवादळ होते का?

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही फळ्यावर 'वादळ' हा शब्द लिहिला आणि त्याखाली सुचतील ती नावे सांगा, असे म्हटले. पाच मिनिटांत फळा भरला. वावटळ, वळीव, गारपीट, तुफान, झंझावात, चक्रीवादळ, टायफून, टोर्नेडो, हरिकेन. मग सातवीला भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी त्यांच्या वर्गातला एक प्रश्न आमच्यापुढे ठेवला. एका मुलाने त्यांना विचारले होते, "बाई, वावटळ गोल फिरते, चक्रीवादळपण गोल फिरते. मग वावटळ खूप मोठी झाली की तिचेच चक्रीवादळ होते का?"

बाईंनी 'नाही' असे उत्तर दिले होते, पण का नाही ते त्यांना सांगता आले नव्हते. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हालाही ते धड सांगता आले नाही. 'कमी दाबाच्या केंद्राभोवती चक्राकार वाहणारे वारे' ही पुस्तकातली व्याख्या दोन्हींना बिनतक्रार लागू पडते, आणि त्या मुलाची अडचण नेमकी तीच होती. हा लेख म्हणजे त्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

वादळांची ओळख आपण वाऱ्याच्या वेगावरून किंवा झालेल्या नुकसानीवरून करतो. त्याऐवजी एकच प्रश्न विचारून पाहू: या वादळाला शक्ती कोठून मिळते, आणि ती किती वेळ मिळत राहते?

वावटळ आणि वळीव

एप्रिल-मे महिन्यांतली दुपार डोळ्यांपुढे आणा. शाळेचे मैदान किंवा नांगरून ठेवलेले शेत तापलेले आहे. जमिनीलगतची हवा तापून हलकी होते आणि एखाद्या ठिकाणी एकदम वर उसळते. तिची जागा घ्यायला भोवतालची हवा आत येते. ही आत येणारी हवा थोडी जरी वळत असेल, तरी मध्याजवळ येताना तिचे फिरणे झपाट्याने वाढते. फिरत्या स्टुलावर बसून पसरलेले हात जवळ घेतले की आपण जोरात फिरू लागतो, तसेच. धूळ, पाचोळा, कागद वर जातात आणि वावटळ दिसू लागते. तिची सगळी शिदोरी म्हणजे त्या मैदानाची उष्णता. सावलीत किंवा गवतावर गेली की ती विरते. तिच्यात ढग नाही, पाऊस नाही. शिवाय तिची फिरण्याची दिशाही ठरलेली नसते. काही वावटळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, काही उलट. मुलांना एका उन्हाळ्यात नोंदी ठेवायला सांगाव्यात. दोन्ही प्रकार सापडतील. ही नोंद पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

वळवाच्या पावसाचे प्रकरण वेगळे आहे. तिथे वर जाणारी हवा दमट असते, आणि त्यामुळे एक नवे इंधन कामाला येते. ते म्हणजे पाण्याच्या वाफेतला अप्रकट उष्मा. इडलीपात्राच्या वाफेने भाजले तर तितक्याच गरम पाण्यापेक्षा जास्त भाजते, हा अनुभव घरोघरी असतो. वाफेचे त्वचेवर पाणी होताना ती आपल्याजवळची लपलेली उष्णता बाहेर टाकते. नेहमीच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. तेच एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापवायला फक्त १०० लागतात. वाफेचे पुन्हा पाणी झाले की या ५८० कॅलरी परत मिळतात. दमट हवा वर जाऊन थंड होते, तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात, उष्णता मोकळी होते, हवा आणखी हलकी होते आणि आणखी वर चढते. वळवाचा ढग तासाभरात १२-१५ किलोमीटर उंच जातो तो या बळावर.

पण वळीव स्वतःच स्वतःचा घात करतो. पाऊस पडू लागला की थेंब आपल्याबरोबर वरची गार हवा खाली ओढून आणतात. पावसाच्या आधी अंगावर येणारा गार वारा तो हाच. ही जड, गार हवा जमिनीवर पसरते आणि वर जाणाऱ्या उबदार दमट हवेची वाट बंद करते. अर्ध्या-पाऊण तासात ढगाचा दम संपतो. बंगालची कालबैसाखी असो की विदर्भ-मराठवाड्यातली गारपीट, एकेका ढगाचे आयुष्य साधारण एवढेच. एका ढगाच्या गार हवेने शेजारी दुसरा ढग उभा राहिला तर वादळ काही तास पुढे सरकत राहते, इतकेच.

न विझणारी भट्टी

चक्रीवादळाचे इंधनही तेच, पाण्याची वाफ. मग ते आठवडाभर कसे टिकते?

ते समुद्रावर असते म्हणून. पावसाने गार झालेली हवा खाली आली, तरी खाली ऊबदार पाणी आहे. ते तिला पुन्हा तापवते आणि पुन्हा वाफेने भरते. त्यासाठी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा अधिक असावे लागते. शिवाय ही ऊब वरच्या पातळ थरापुरती असून चालत नाही. वारा समुद्र ढवळून काढतो आणि खालचे गार पाणी वर आणतो. ऊब पन्नासेक मीटर खोलीपर्यंत नसेल, तर वादळ आपली चूल आपणच विझवते. एकाच जागी रेंगाळणारी वादळे भर समुद्रात असूनही कधी कधी दुबळी होतात, त्याचे कारण हेच.

सुरुवात मात्र अगदी साधी असते. समुद्रावर विजांच्या ढगांचा एक विस्कळीत पुंजका जमतो. असे पुंजके वर्षभर तयार होतात आणि बहुतेक विरून जातात. एखाद्या पुंजक्यात ढगांनी मोकळी केलेली उष्णता एके ठिकाणी साठत जाते. तिथला हवेचा स्तंभ उबदार आणि म्हणून हलका होतो, वरची हवा बाहेर पसरते आणि खाली समुद्रपातळीवरचा दाब उतरतो. दाब उतरला की वारा वाढतो. वारा वाढला की समुद्रावरून वाफ जास्त निघते. (ओले कपडे वाऱ्यावर लवकर का वाळतात, ते वर्गात विचारावे.) वाफ जास्त म्हणजे उष्णता जास्त, म्हणजे दाब आणखी कमी. चक्रवाढ व्याजासारखा हा हिशेब आहे. चक्रीवादळ म्हणजे हे व्याज सुरू झालेला ढगांचा समूह. वावटळ कितीही मोठी झाली तरी तिला हे खाते उघडता येत नाही, कारण तिच्याजवळ वाफच नाही.

किती उष्णता? हा हिशेब मोठ्या मुलांना फळ्यावर करायला द्यावा. वादळाच्या केंद्रापासून ३०० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात दिवसभरात सरासरी ७ सेंटीमीटर पाऊस पडला असे धरा. क्षेत्रफळ येते सुमारे २ लाख ८३ हजार चौरस किलोमीटर, आणि पाणी सुमारे २० घन किलोमीटर. कोयनेचे शिवसागर धरण पूर्ण भरले की त्यात ३ घन किलोमीटरच्या आतबाहेर पाणी मावते. म्हणजे एका दिवसात जवळपास सात कोयना! एवढ्या वाफेचे पाणी होताना जी उष्णता मोकळी झाली, तिला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले तर उत्तर येते ५५ हजार कोटी किलोवॉटच्या आसपास. जगातल्या सगळ्या वीजकेंद्रांच्या एकत्रित क्षमतेच्या हे पन्नास-साठपट आहे. यातला अगदी थोडा भाग, शेकड्याला एकाहूनही कमी, वाऱ्याच्या रूपाने आपल्याला दिसतो. बाकीची उष्णता हवा वर चढवण्यात आणि ती वरच्या थरांत दूरवर पसरण्यात जाते. बॉम्ब टाकून वादळ मोडता येईल का, असे मुले हमखास विचारतात. हा हिशेब झाल्यावर बहुधा विचारत नाहीत.

फिरते कशामुळे

आता त्या वावटळींच्या नोंदी काढा. वावटळ दोन्ही दिशांनी फिरते. चक्रीवादळ मात्र उत्तर गोलार्धात नेहमी घड्याळाच्या उलट्या दिशेने आणि दक्षिण गोलार्धात घड्याळाच्या दिशेने फिरते. याचा अर्थ तिथे पृथ्वीचे फिरणे हिशेबात येते, वावटळीत येत नाही.

हे आम्ही असे समजावतो. ध्रुवावर उभे राहिलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन २४ तासांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करते. विषुववृत्तावर जमीन माणसाला घेऊन पुढे जाते, पण त्याच्या पायाखाली ती भोवऱ्यासारखी फिरत नाही. मुंबईच्या, म्हणजे १९ अंशांच्या आसपासच्या अक्षांशावर ही पायाखालची फेरी पुरी व्हायला सुमारे तीन दिवस लागतात. मिनिटभरात संपणाऱ्या वावटळीला तीन दिवसांच्या फेरीचे काय! पण शेकडो किलोमीटरांवरून दोन-तीन दिवस आत येत राहिलेल्या हवेला ती फेरी नक्कीच जाणवते. हिशेबच करायचा तर या अक्षांशावर ५०० किलोमीटर दूर अगदी शांत असलेली हवा केंद्रापासून ५० किलोमीटरपर्यंत आत आली, तर घर्षण नसल्यास तिचा वेग ताशी ४०० किलोमीटरच्या वर जाईल. समुद्राशी होणाऱ्या घर्षणात यातला बराच वेग खर्ची पडतो, म्हणून प्रत्यक्षात एवढा वेग होत नाही. यालाच आपण कोरिऑलिस प्रेरणेचा परिणाम म्हणतो. विषुववृत्तापासून पाचेक अंशांच्या पट्ट्यात चक्रीवादळे सहसा होत नाहीत ती यामुळे. 'सहसा' म्हणायचे कारण असे की डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ अवघ्या दीड अंशावर 'वामेई' नावाचे वादळ झाले होते.

एक इशारा. मोरीतले पाणी निचरताना ज्या दिशेला फिरते त्याला पृथ्वीचे फिरणे कारणीभूत आहे, असे अजूनही काही ठिकाणी शिकवले जाते. ते चूक आहे. भांड्याचा आकार आणि पाणी ओतताना बसलेला हिसका यांवर ती दिशा ठरते. वावटळीला जे जाणवत नाही, ते मोरीला कुठून जाणवणार!

आत येणारी हवा अगदी मध्यापर्यंत पोहोचतच नाही. फिरण्याचा वेग इतका वाढतो की केंद्रापासून काही अंतरावर ती आत यायची थांबते आणि तिथेच वर चढते. तिथे ढगांची वर्तुळाकार भिंत उभी राहते. सर्वांत जोराचा वारा आणि पाऊस या भिंतीत असतो. भिंतीच्या आत, साधारण ३० ते ६० किलोमीटर रुंदीच्या भागात, हवा सावकाश खाली उतरते, तापते आणि ढग विरतात. हाच वादळाचा 'डोळा'. पूर्ण वाढलेल्या वादळाचा डोळा गावावरून गेला तर सारे एकाएकी शांत होते. क्वचित ऊनही पडते. वादळ गेले असे समजून लोक पत्रे गोळा करायला, गुरे बघायला बाहेर पडतात. थोड्या वेळाने भिंतीची दुसरी बाजू येते, तेवढ्याच जोराने आणि नेमक्या उलट्या दिशेने. डोळ्यातल्या शांततेने घेतलेले जीव थोडे नाहीत, म्हणून हा परिच्छेद वर्गात घाईने उरकू नये.

नावांचा घोळ आणि काही परके पाहुणे

हरिकेन, टायफून आणि चक्रीवादळ हे एकच. अटलांटिकमध्ये आणि पॅसिफिकच्या पूर्व भागात हरिकेन, पॅसिफिकच्या पश्चिमेला टायफून, आपल्याकडे चक्रीवादळ. आपले हवामान खाते वारा ताशी ६२ किलोमीटरला पोहोचला की चक्रीवादळ म्हणते, ८९ नंतर तीव्र, ११८ नंतर अतितीव्र, आणि २२० च्या पुढे महाचक्रीवादळ. इंग्रजीतला सायक्लोन हा शब्द मात्र आपल्याकडचा आहे. कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या माजी खलाशाने वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदी वर्षानुवर्षे जमवल्या आणि १८४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव रूढ केले.

टोर्नेडो मात्र वेगळा. तो दिसायला वावटळीचा मोठा भाऊ वाटतो, पण तो प्रचंड विजांच्या ढगाच्या पोटातून जमिनीपर्यंत उतरतो. रुंदी बहुधा काही शे मीटर, आयुष्य काही मिनिटांचे, आणि वारा कधी कधी ताशी ४०० किलोमीटरच्याही वर. तो फक्त अमेरिकेत होतो, असा समज आहे. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात माणिकगंज भागात झालेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसे गेली. टोर्नेडो घडायला जमिनीलगतचा वारा आणि उंचावरचा वारा यांत मोठा फरक असावा लागतो. हाच फरक चक्रीवादळाला मारक ठरतो. चक्रीवादळाची उष्णता एका उभ्या स्तंभात साठावी लागते. वरचा वारा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे असला की तो स्तंभ तिरपा होऊन मोडतो.

या एका गोष्टीवरून आपल्या वेळापत्रकाचे कोडेही सुटते. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र उबदार, हवा दमट, तरीही आपल्याकडे मोठी चक्रीवादळे का होत नाहीत? मोसमी वारे खाली नैर्ऋत्येकडून वाहतात आणि त्याच वेळी उंचावर पूर्वेकडून जोराचा वारा असतो, म्हणून. मोसमी पावसाच्या आधी एप्रिल ते जून आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर, असे चक्रीवादळांचे दोन हंगाम पडतात ते यामुळे.

भूगोलाच्या पुस्तकात समशीतोष्ण कटिबंधातील आवर्ते असतात, तीही गोल फिरतात. उत्तर भारतात हिवाळ्यात पाऊस आणि बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ या कुळातले. त्यांचे इंधन वाफेपेक्षा थंड आणि उबदार हवेतली तफावत हे आहे. ती जमिनीवरही जगतात आणि आकाराने चक्रीवादळाहून मोठी असतात. कधी एक जात दुसरीत बदलतेही. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क परिसराला झोडपणारे सँडी हे हरिकेन किनाऱ्याला लागता लागता या दुसऱ्या जातीचे झाले होते.

माणसे मरतात ती बहुधा पाण्याने

चक्रीवादळ म्हटले की छपरे उडालेली चित्रे येतात. वारा भयंकर असतोच, आणि त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० चा वारा १२० झाला की तडाखा चौपट. पण इतिहासातली मोठी जीवितहानी समुद्राने केली आहे.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर आलेल्या वादळात तीन ते पाच लाख माणसे गेली, असा अंदाज आहे. १९७७ च्या नोव्हेंबरात आंध्रच्या दिवी भागात सुमारे दहा हजार गेली. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात पारादीपजवळ महाचक्रीवादळ आले, तेव्हाही सुमारे दहा हजार. या तिन्ही वेळी समुद्र किनारा सोडून आत आला होता.

समुद्र का चढतो? 'कमी दाबामुळे पाणी वर खेचले जाते' असे उत्तर मिळते. ते अर्धवट आहे, आणि किती अर्धवट तेही मोजता येते. ओडिशाच्या वादळाच्या केंद्रातला दाब ९१२ मिलिबार होता, नेहमीच्या १,०१३ पेक्षा साधारण १०० ने कमी. म्हणजे दर चौरस मीटरवरचे हवेचे ओझे सुमारे एक टनाने हलके झाले. एक टन पाणी एक चौरस मीटरवर उभे केले तर त्याची उंची एक मीटर होते. तेव्हा दाबामुळे समुद्र चढेल तो फार तर मीटरभर. ओडिशात पाणी पाच-सहा मीटर चढले होते. उरलेले सारे वाऱ्याचे काम. वारा तासन्‌तास पाणी किनाऱ्याकडे लोटत राहतो. खोल समुद्रात ते पाणी खालून परत जाऊ शकते, पण उथळ किनाऱ्यावर त्याला परतायला जागा नसते, म्हणून ते वर चढते आणि आत घुसते. बंगालच्या उपसागराचे टोक उथळही आहे आणि नरसाळ्यासारखे निमुळतेही. त्यातून भरतीची वेळ साधली तर पाहायलाच नको.

पिडिंग्टनला हे कळले होते. कलकत्त्याला पर्याय म्हणून सुंदरबनात मातला नदीवर नवे बंदर बांधायचे ठरले, तेव्हा १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरलना जाहीर पत्र लिहून सांगितले की वादळाबरोबर येणारे पाणी एक दिवस हे बंदर बुडवील. कोणी ऐकले नाही. पोर्ट कॅनिंग उभे राहिले. १८६७ च्या वादळात त्याची दुर्दशा झाली आणि काही वर्षांतच ते सोडून द्यावे लागले. पिडिंग्टन ते पाहायला नव्हता. तो १८५८ मध्ये वारला होता.

इथे वादळांच्या जाती ओळखण्याला व्यवहारात अर्थ येतो. विजेचे वादळ आले तर घरात थांबावे, झाडाखाली जाऊ नये, अर्धा-एक तास कळ काढावी. टोर्नेडोत पळायला वेळच नसतो. चक्रीवादळ मात्र दोन-चार दिवस आधी कळवून येते. किनाऱ्यावरच्या माणसाने 'घरात थांबून कळ काढणे' हा वळवाचा शहाणपणा तिथे वापरला, तर तो जिवावर बेततो. घर वाऱ्याला टिकेल, पण पाच मीटर पाण्याला टिकणार नाही. ३ मे २०१९ ला पुरीजवळ 'फानी' हे वादळ आले. वारा १९९९ पेक्षा थोडा कमी होता, पण त्याआधी ओडिशात बारा लाख माणसांना किनाऱ्यापासून आत किंवा पक्क्या निवाऱ्यांत हलवले होते. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वीस वर्षांत समुद्र सौम्य झाला नव्हता. गावोगाव निवारे बांधले गेले होते, उपग्रहांमुळे अंदाज नेमके झाले होते आणि 'निघा' म्हटल्यावर लोक निघत होते.

आपला समुद्र

अरबी समुद्रात बंगालच्या उपसागराच्या मानाने चक्रीवादळे कमी होतात. पूर्वीपासूनचे प्रमाण साधारण एकास चार असे सांगतात. झालेली वादळे बहुधा पश्चिमेकडे ओमान-येमेनला किंवा उत्तरेकडे गुजरातला जातात. म्हणून कोकणात 'चक्रीवादळ म्हणजे पूर्व किनाऱ्याची गोष्ट' असे आपण शिकवत आलो. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. जून २०२० मध्ये निसर्ग आले. मे २०२१ मध्ये तौक्ते मुंबईच्या बाजूने समुद्रातून वर गेले आणि गुजरातला धडकले. मुंबईपासून दूर समुद्रात तेलक्षेत्रात काम करणाऱ्या कामगारांची बार्ज त्यात बुडाली आणि अनेकांचे प्राण गेले. अरबी समुद्र तापतो आहे हे मोजमापांतून स्पष्ट दिसते. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. वाफ हेच इंधन आहे हे ध्यानात घेतले, तर पुढचे मुलांना सांगावे लागत नाही.

निसर्ग ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, ताशी ११० ते १२० किलोमीटर वाऱ्यासह. नाव बांगलादेशाने सुचवलेले, पण आपल्याकडच्या अनेकांना ते मराठीच वाटले. मुंबईत वर्तमानपत्रांना धास्ती होती, आणि प्रत्यक्षात मुंबई थोडक्यात सुटली. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागांत मात्र नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला कित्येक वर्षे जातात, तेव्हा हे नुकसान एका हंगामाचे नव्हते.

मुंबई सुटली ती दैवाने, असे म्हणण्यापूर्वी कागदावर घड्याळाच्या उलट्या दिशेचे बाण काढून पाहा. केंद्र अलिबागच्या दक्षिणेला. त्याच्या उत्तरेला, म्हणजे मुंबईकडे, वारा पूर्वेकडून, जमिनीवरून समुद्राकडे. तो पाणी किनाऱ्यापासून दूर लोटणार. केंद्राच्या दक्षिणेला, म्हणजे श्रीवर्धनकडे, वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून थेट अंगावर. त्यात वादळ स्वतः ईशान्येकडे सरकत होते. त्याच्या मार्गाच्या उजव्या बाजूला वादळाचा वेग वाऱ्याच्या वेगात मिळवला जातो, डाव्या बाजूला वजा होतो. उत्तर गोलार्धातले खलाशी ही उजवी बाजू धोक्याची म्हणून टाळत, ती यासाठी.

त्या शिबिरात श्रीवर्धनजवळच्या एका शाळेचे गुरुजी होते. बाण काढून झाल्यावर ते म्हणाले, "आमच्याकडे सकाळी वारा डोंगराकडून होता. मग दक्षिणेकडून झाला, आणि दुपारी समुद्राकडून. आम्हाला वाटले, वारा पिसाळलाय." वारा पिसाळला नव्हता. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की उत्तर गोलार्धात वादळाचे केंद्र साधारण आपल्या डाव्या हाताला असते. गुरुजींच्या तिन्ही नोंदींना हा नियम लावून पाहा: डावा हात आधी नैर्ऋत्येला, मग पश्चिमेला, मग उत्तरेकडे जातो. केंद्र त्यांच्या वायव्येकडून पुढे सरकत गेले, ते त्या हाताने दाखवले. वारा असा घड्याळाच्या दिशेने वळत गेला तर आपण वादळाच्या उजव्या बाजूला आहोत, उलट वळला तर डाव्या. तो मुळीच न वळता वाढत राहिला आणि मग एकदम थांबला, तर डोळा आपल्यावर आहे आणि घराबाहेर पडायचे नाही.

कोकणातल्या शाळांनी हे काम अजूनही करण्याजोगे आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की त्या दिवशी कोणत्या वेळी वारा कुठून होता, बागेतली झाडे कोणत्या दिशेला शेंडे करून पडली. दहा-बारा गावांची उत्तरे तालुक्याच्या नकाशावर बाणांनी मांडली, तर वादळ कोठून गेले ते हवामान खात्याचा नकाशा न पाहताही मुलांना काढता येईल. नंतर तो नकाशा शेजारी ठेवून ताडून पाहावे.